चौथा भाग पहिला कसा झाला? 'स्टार वॉर्स' आणि भूतकाळाची दुरुस्ती



मागच्या व्याख्यानात आपण घटना आणि आख्यान यांच्यातला फरक पाहिला. तेव्हा उदाहरणं युद्धांची आणि राज्यक्रांत्यांची होती. आजचं उदाहरण एका अमेरिकन चित्रपटाचं आहे. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसानं अंतराळातल्या लढायांवर बोलावं याचं तुमच्यापैकी काहींना नवल वाटेल. पण हा विषय मला माझ्या नातवानं दिला. सुट्टीत त्याला 'स्टार वॉर्स' मालिका बघायची होती. यादी समोर ठेवून त्यानं विचारलं, "आजोबा, चौथा भाग १९७७ चा आणि पहिला भाग १९९९ चा, असं कसं?"

मी त्याला सगळे देतात तेच उत्तर दिलं. म्हटलं, अरे, दिग्दर्शकाच्या डोक्यात पूर्ण कथा आधीपासून होती, त्यानं ती मधूनच सांगायला सुरुवात केली. पोरगा समाधानानं बघायला बसला. मी मात्र अस्वस्थ झालो, कारण हे आपल्याला कोणी सांगितलं ते मला आठवेना. मग वाचायला लागलो, आणि लक्षात आलं की मी नातवाला चुकीचं सांगितलं होतं. माझी चूक ही कशी पसरली आणि का टिकली, हा आजचा विषय.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा दोन वाक्यांत. ल्यूक स्कायवॉकर नावाचा एक शेतकरी तरुण, एक वृद्ध गुरू ओबी-वन केनोबी, एक राजकन्या लेया, आणि काळ्या मुखवट्यातला खलनायक डार्थ व्हेडर. जुलमी साम्राज्याविरुद्ध मूठभर बंडखोर लढतात, शेवटी साम्राज्याचं महाभयंकर अस्त्र नष्ट होतं आणि विजयसोहळा होतो.

२५ मे १९७७ ला हा चित्रपट अमेरिकेत लागला. सुरुवातीला फक्त ३२ चित्रपटगृहांत. पडद्यावर नाव आलं 'स्टार वॉर्स', आणि मग खालून वर सरकत जाणारा तो प्रसिद्ध मजकूर. त्यात 'चौथा भाग' हे शब्द नव्हते. 'अ न्यू होप' हे उपशीर्षकही नव्हतं. ते दोन्ही १९८१ च्या पुनर्प्रदर्शनात जोडले गेले. म्हणजे बघा, हा चित्रपट चार वर्षं नुसता 'स्टार वॉर्स' होता. चौथा तो नंतर झाला.

आता हा चित्रपट तयार कसा झाला ते पाहू. जॉर्ज ल्यूकसला मुळात 'फ्लॅश गॉर्डन' करायचा होता. १९३६ पासूनच्या या मालिकेचे साप्ताहिक भाग त्यानं लहानपणी पाहिले होते. वर सरकणारा मजकूर तिथलाच. हक्क मिळाले नाहीत, तेव्हा त्यानं स्वतःचं काहीतरी लिहायला घेतलं. १९७३ च्या मे महिन्यात त्यानं जो आराखडा लिहिला, तो अकिरा कुरोसावाच्या १९५८ च्या 'द हिडन फोर्ट्रेस' या चित्रपटाच्या अगदी पावलावर पाऊल टाकून जातो. शत्रूच्या मुलखातून राजकन्येला घेऊन जाणारा सेनापती आणि सोबत सतत भांडणारे दोन गावकरी. त्या दोन गावकऱ्यांचे पुढे दोन यंत्रमानव झाले. त्यानंतर १९७४ ते १९७६ या काळात चार मोठे खर्डे झाले. नावं बदलली, नाती बदलली, म्हातारे तरुण झाले. विमानांची शेवटची लढाई कशी दिसावी हे ठरवण्यासाठी ल्यूकसनं दुसऱ्या महायुद्धावरच्या चित्रपटांतले तुकडे जोडून नमुना तयार केला. आणि या सगळ्याच्या मागे व्हिएतनाम होतं. तंत्रज्ञानानं बलाढ्य साम्राज्य आणि चिवट, गरीब लढवय्ये, ही जोडी कुठून आली हे ल्यूकसनं स्वतःच सांगितलेलं आहे. त्यातलं बलाढ्य साम्राज्य म्हणजे त्याचा स्वतःचा देश.

आणि डार्थ व्हेडर? १९७४ च्या खर्ड्यात हे नाव साम्राज्याच्या एका सेनापतीचं आहे. अंधाऱ्या पंथाचा योद्धा त्या खर्ड्यात वेगळाच आहे. पुढच्या खर्ड्यांत ही दोन पात्रं एकमेकांत मिसळली. त्याचा तो मुखवटा चित्रकार राल्फ मॅकक्वारी यानं सुचवला, कारण एका प्रसंगात त्याला एका यानातून दुसऱ्या यानात अंतराळातून जायचं होतं आणि श्वास घ्यायला काहीतरी हवं होतं. डच भाषेत हेच अक्षरलेखन असलेल्या शब्दाचा अर्थ 'बाप' असा होतो, आणि नंतर ल्यूकसनंही सांगितलं की हे नाव 'डार्क फादर' वरून आलं. पण त्या पहिल्या खर्ड्यातला सेनापती कोणाचाच बाप नाही! आपल्याकडे गावाच्या नावाची व्युत्पत्ती जशी नंतर एखाद्या दंतकथेतून सांगतात, तसा हा प्रकार.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. दुसरा चित्रपट 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक', १९८०. त्यात व्हेडर ल्यूकला सांगतो की मीच तुझा बाप. चित्रपटाच्या इतिहासातला हा एक सर्वांत गाजलेला धक्का. या चित्रपटाचा पहिला पटकथा-खर्डा लिहिला ली ब्रॅकेट यांनी. ज्येष्ठ लेखिका, १९४६ च्या 'द बिग स्लीप' च्या पटकथाकारांपैकी एक. १९७८ च्या फेब्रुवारीत त्यांनी खर्डा पूर्ण केला आणि मार्चमध्ये कर्करोगानं त्यांचं निधन झालं. त्यांच्या खर्ड्यात ल्यूकचा मृत बाप आत्म्याच्या रूपात येऊन मुलाशी बोलतो, आणि व्हेडर ही वेगळीच व्यक्ती आहे! त्यानंतर ल्यूकसनं स्वतः पुढचा खर्डा लिहायला घेतला, आणि बाप आणि खलनायक तिथं एक झाले. मायकेल कामिन्स्की नावाच्या एका अभ्यासू चाहत्यानं २००८ च्या आपल्या पुस्तकात हे सगळे खर्डे आणि तारखावार मुलाखती शेजारी शेजारी ठेवून दाखवलं, की ही कल्पना १९७८ च्या वसंत ऋतूतली आहे, म्हणजे पहिला चित्रपट लागून जवळजवळ वर्ष झाल्यानंतरची.

आणखी एक पुरावा. १९७८ मध्येच ॲलन डीन फॉस्टर यांची एक कादंबरी आली, कमी खर्चातला पुढचा चित्रपट निघू शकेल या हिशेबानं लिहून घेतलेली. तिच्यात ल्यूक आणि लेया यांच्यात सरळ सरळ आकर्षण आहे. १९८० च्या चित्रपटात लेया ल्यूकचं चुंबन घेते. आणि १९८३ मध्ये कळतं की हे दोघं बहीण-भाऊ! सगळं आधीच ठरलेलं असतं तर कुठला शहाणा लेखक असं लिहील?

ल्यूकसवर अन्याय नको. पुढचे भाग काढायची इच्छा त्याला सुरुवातीपासून होती. प्रजासत्ताक कसं ढासळलं याची पार्श्वभूमी १९७६ मध्येच बाहेर पडलेल्या कादंबरीच्या प्रस्तावनेत आहे. म्हणजे बी होतं. पण बी असणं वेगळं आणि झाडाचा नकाशा असणं वेगळं. भाग किती असतील याचा आकडासुद्धा त्यानं कधी बारा सांगितला, कधी नऊ, कधी सहा.

इथे मी आर्थर डांटो या अमेरिकन तत्त्वज्ञाची मदत घेतो. १९६५ च्या आपल्या इतिहासमीमांसेच्या ग्रंथात डांटो एक आदर्श बखरकार कल्पितो. जगात जे जे घडतं ते घडताक्षणी त्याला कळतं, लोकांच्या मनातलंसुद्धा, आणि ते तो तत्काळ लिहून ठेवतो. त्याची बखर परिपूर्ण. तरीही एक वाक्य त्याला लिहिता येणार नाही: 'तीस वर्षांचं युद्ध १६१८ मध्ये सुरू झालं.' कारण १६१८ मध्ये ते तीस वर्षं चालणार हे कोणालाच ठाऊक नव्हतं. अशा वाक्यांना डांटो आख्यानवाक्यं म्हणतो. ती आधीच्या घटनेविषयी बोलतात, पण नंतरच्या घटनेच्या उजेडात. आणि इतिहासलेखन म्हणजे प्रामुख्यानं अशीच वाक्यं.

आता 'चौथा भाग १९७७ मध्ये प्रदर्शित झाला' हे वाक्य बघा. हे शुद्ध आख्यानवाक्य आहे. आदर्श बखरकार ल्यूकसच्या डोक्यात जाऊन बसला असता तरी २५ मे १९७७ ला त्याला ते लिहिता आलं नसतं.

याचा परिणाम किती खोल जातो त्याचं एक उदाहरण देतो. पहिल्या चित्रपटात ल्यूक ओबी-वनला विचारतो, माझे वडील कसे गेले? म्हातारा क्षणभर थांबतो आणि सांगतो की व्हेडरनं त्यांचा घात केला, त्यांना ठार मारलं. आज पाहताना त्या क्षणभराच्या थांबण्यात आपल्याला स्पष्ट दिसतं की म्हातारा काहीतरी लपवतोय. पण ॲलेक गिनेस यांनी १९७६ मध्ये तो प्रसंग केला तेव्हा लपवायला काही नव्हतंच. पात्र खरं बोलत होतं, एका दुःखद आठवणीपाशी थांबत होतं. चित्रफितीत एक चौकटही बदललेली नाही, आणि तरी दुःखाचं रूपांतर लबाडीत झालं. १९८३ मध्ये ओबी-वनला त्याचा खुलासासुद्धा करावा लागला, की एका दृष्टिकोनातून पाहिलं तर मी सांगितलं ते खरंच होतं. पात्राला आपल्या लेखकाची बाजू सावरावी लागली!

यात मला काही गैर वाटत नाही. अर्थ मागाहून येतो, तो नेहमीच मागाहून येतो. बोर्हेसनं काफ्काविषयी लिहिताना म्हटलं होतं की प्रत्येक लेखक आपले पूर्वसूरी स्वतः निर्माण करतो. काफ्का झाल्यावरच त्याच्या आधीच्या काही लेखकांत आपल्याला काफ्का दिसू लागतो. तसंच हे.

आता या चित्रपटावरच्या लेखनाकडे वळू. तिथे ही उलटी गती आणखी एक पाऊल पुढे जाते. तुम्ही कुठलाही लेख उघडा, त्यात असतं की ल्यूकसनं जोसेफ कॅम्बेल यांच्या १९४९ च्या 'द हीरो विथ अ थाउजंड फेसेस' या ग्रंथातल्या नायकाच्या प्रवासाचा आराखडा घेऊन 'स्टार वॉर्स' लिहिला. घर सोडणं, गुरू भेटणं, कसोट्या, परत येणं वगैरे. आता क्रम लावून बघा. १९७७ च्या सुमाराच्या मुलाखतींत ल्यूकसचा भर आहे फ्लॅश गॉर्डन, काउबॉयचे चित्रपट, कुरोसावा आणि परीकथा यांवर. १९७८ मध्ये अँड्र्यू गॉर्डन या अभ्यासकानं एका नियतकालिकात हा चित्रपट आपल्या काळाचं मिथक आहे असा निबंध लिहिला आणि कॅम्बेलचा आराखडा चित्रपटाला लावून दाखवला. ल्यूकस आणि कॅम्बेल यांची प्रत्यक्ष ओळख ऐंशीच्या दशकातली. १९८५-८६ मध्ये बिल मॉयर्स यांनी कॅम्बेलच्या ज्या प्रदीर्घ मुलाखती घेतल्या, त्या बऱ्याचशा ल्यूकसच्याच जागेत चित्रित झाल्या. १९८७ मध्ये कॅम्बेल वारले आणि १९८८ मध्ये त्या मुलाखती दूरचित्रवाणीवर आल्या. त्यांनंतर हा संबंध सर्वतोमुखी झाला. १९९७ मध्ये तर वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात या मालिकेचं मिथक म्हणून मोठं प्रदर्शन भरलं.

ल्यूकस म्हणतो की खर्डे लिहीत असतानाच मी कॅम्बेल वाचला. असेलही. त्याचा प्रभाव किती, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण १९७३ चा आराखडा कुरोसावाचा आहे, यावर वाद नाही. तरी कुरोसावा तळटीपेत गेला आणि कॅम्बेल मथळ्यात आला. का? मला वाटतं, कारण कॅम्बेलमुळे प्रतिष्ठा मिळते. शनिवारच्या दुपारच्या पोरांच्या मालिकेतून चित्रपट आला म्हटलं तर तो करमणूक ठरतो, मानवजातीच्या आदिम मिथकातून आला म्हटलं तर तो पुराण ठरतो. फ्रेडरिक जेमसन यांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीलाच नेमकं उलटं वाचन केलं होतं. ते म्हणाले, हा भविष्यकाळाचा चित्रपट नव्हे, हा स्मरणरंजनाचा चित्रपट आहे. त्या जुन्या मालिका पाहण्याचा हरवलेला अनुभव तो परत देतो. मला हे वाचन जास्त प्रामाणिक वाटतं, कारण त्यात व्हिएतनामनं थकलेली १९७७ ची अमेरिका शिल्लक राहते. मिथकाच्या वाचनात ती पुसली जाते. मिथकाला साल नसतं ना!

आणि पुढची गंमत बघा. क्रिस्टोफर व्होगलर यांनी ऐंशीच्या दशकात डिस्नेत काम करताना कॅम्बेलच्या ग्रंथावर एक छोटं टिपण केलं, १९९२ मध्ये त्याचं पुस्तक झालं, आणि पटकथाकार त्या पायऱ्या पाहून लिहू लागले. मग अभ्यासक म्हणू लागले, पाहा, सगळ्या चित्रपटांत हाच आराखडा सापडतो, म्हणजे तो सार्वत्रिक आहे! आपणच पेरायचं आणि उगवल्यावर चमत्कार म्हणायचा. तर्कशास्त्रात याला चक्रक दोष म्हणतात.

इथे आपल्याकडच्या एका मोहाबद्दल बोललं पाहिजे. 'फोर्स' म्हणजे ब्रह्म, 'योडा' म्हणजे योगी, सगळं आपलंच आहे, असं आपल्याकडे हौसेनं म्हटलं जातं. भारताशी एक खरा धागा आहे, पण तो ल्यूकसकडून येत नाही, कॅम्बेलकडून येतो. हाइनरिश झिमर या जर्मन भारतविद्यावंताच्या मृत्यूनंतर त्यांच्या टिपणांवरून 'फिलॉसफीज ऑफ इंडिया' हा ग्रंथ कॅम्बेलनं सिद्ध केला, १९५१ मध्ये. आमच्या पिढीतल्या तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना तो ओळखीचा आहे. स्वामी निखिलानंदांच्या रामकृष्ण-वचनामृताच्या इंग्रजी भाषांतरालाही कॅम्बेलचा हात लागला होता. आपल्या आनंदाच्या मागे जा हा त्याचा गाजलेला उपदेश सच्चिदानंद या शब्दावरून सुचला, असं तो स्वतः सांगतो. हे सगळं खरं. पण 'फोर्स' या कल्पनेच्या मागे ल्यूकस जे नाव घेतो, ते आहे आर्थर लिप्सेट या कॅनडातल्या चित्रपटकाराच्या '२१-८७' या साठच्या दशकातल्या छोट्या प्रयोगपटाचं. राजकन्येच्या कोठडीचा क्रमांक २१८७ आहे, तो त्याचीच आठवण म्हणून. साम्य दिसलं की उगम सापडला असं समजणं, ही चूक कॅम्बेलवाल्यांची आणि आपलीही.

इथवर जे सांगितलं ते सगळं अर्थाविषयी होतं. आता पुराव्याविषयी.

१९८८ च्या मार्च महिन्यात ल्यूकस अमेरिकेच्या संसदेच्या समितीपुढे साक्ष द्यायला गेला. जुन्या कृष्णधवल चित्रपटांना मालकांनी परस्पर रंग देण्याविरुद्धची ती चळवळ होती. त्यानं ठामपणे सांगितलं की हक्क विकत घेतले म्हणून कलाकृतीत फेरफार करणं हा सांस्कृतिक वारशावरचा घाला आहे. त्याच वर्षी चित्रपट-जतनाचा कायदा झाला, आणि १९८९ मध्ये राष्ट्रीय नोंदणीत जे पहिले २५ चित्रपट निवडले गेले, त्यांत 'स्टार वॉर्स' होता. आणि १९९७ च्या जानेवारीत त्याच ल्यूकसनं स्वतःच्या चित्रपटात नवी दृश्यं घालून, जुनी बदलून विशेष आवृत्ती काढली, आणि पुढे तीच आवृत्ती खरी असं जाहीर केलं. २००४ मध्ये आणखी बदल झाले. १९८३ च्या चित्रपटाच्या शेवटी व्हेडरचा आत्मा दिसतो, ती भूमिका सेबॅस्टियन शॉ या वृद्ध नटाची होती. तो काढून तिथे हेडन क्रिस्टेन्सन हा नव्या चित्रपटांतला तरुण नट बसवला. १९८३ मध्ये हा नट दोन वर्षांचा होता!

आता फरक लक्षात घ्या. गिनेस यांचं थांबणं आपल्याला नव्या उजेडात दिसलं, तिथे चित्रफीत तीच राहिली. दुःख आणि लबाडी ही दोन्ही वाचनं शक्य राहिली, आणि इतिहासकाराला दोन्हींचा काळ सांगता आला. शॉ यांना काढलं, तिथे पुरावाच गेला. पहिलं आख्यान आहे, दुसरं खाडाखोड आहे.

कोणी म्हणेल, सर, आपली पुराणं आणि महाकाव्यं अशीच वाढली ना? त्यांत क्षेपकं नाहीत का? आहेत, भरपूर आहेत. पण पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सित आवृत्ती केली, ती १९६६ पर्यंत पूर्ण झाली, तिची पानं उघडून बघा. वर संपादकांना मान्य झालेला पाठ, आणि खाली तळटीपेत नाकारलेले पाठभेद, हस्तलिखितांच्या खुणांसह. जे वगळलं तेही छापलं. आणि हे शक्य झालं कारण हस्तलिखितं काश्मीरपासून केरळपर्यंत विखुरलेली होती, एका मालकाच्या तिजोरीत नव्हती. परंपरेत क्षेपक घालणारे अनेक असतात, पण जुनी पोथी जप्त करण्याची सत्ता कोणा एकाकडे नसते. या आधुनिक पुराणाला मात्र एकच मालक आहे, आणि २०१२ मध्ये चार अब्ज डॉलरहून अधिक किमतीला तो मालकही बदलला. कलावंताला आपली कृती सुधारायचा हक्क आहे, मी तो नाकारत नाही. सुधारलेली आवृत्ती त्यानं जरूर काढावी. आधीची नाहीशी करू नये, एवढंच.

सुदैवानं ती नाहीशी झाली नाही. चाहत्यांनी जुन्या प्रती सांभाळल्या. कामिन्स्कीसारख्यांनी खर्डे लावले. कंपनीच्याच जे. डब्ल्यू. रिन्झलर यांनी २००७ मध्ये दप्तरातली कागदपत्रं वापरून पहिल्या चित्रपटाच्या निर्मितीचा सविस्तर ग्रंथ लिहिला. आणि २०२५ च्या जूनमध्ये लंडनला ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनं जतन केलेली मूळ आवृत्तीची प्रत प्रेक्षकांना पुन्हा दाखवली. 'चौथा भाग' ही अक्षरं नसलेली.

आमच्या घरातलं सांगून थांबतो. मी नातवाला म्हटलं, तुला मी चुकीचं सांगितलं रे. गोष्ट आधीपासून ठरलेली नव्हती. त्या माणसालासुद्धा पुढे काय होणार ते माहीत नव्हतं. तो थोडा विचार करून म्हणाला, "मग तर भारीच आहे, आजोबा."

मला वाटतं तो बरोबर बोलला. सगळं आधीच ठरलेलं होतं म्हटलं, की माणसांचे प्रयत्न, फसलेले खर्डे, ब्रॅकेट बाईंचं शेवटचं काम, मॅकक्वारीचा मुखवटा, हे सगळं अदृश्य होतं आणि उरतो एक सर्वज्ञ निर्माता. एका चित्रपटाच्या बाबतीत यानं फारसं नुकसान होत नाही. पण हीच सवय आपण राष्ट्रांच्या, समाजांच्या आणि स्वतःच्या आयुष्याच्या इतिहासालाही लावतो. तिथे नुकसान मोठं असतं. म्हणून कोणी सांगितलं की हे पहिल्यापासून असंच ठरलं होतं, की शांतपणे विचारावं, पहिला खर्डा कुठे आहे?

पुढच्या वेळी डांटोच्या बखरकारावर घेतलेल्या आक्षेपांबद्दल बोलू.